फसलेल्या डावाची गंमत

१९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ब्राउनस्टाइन हे त्यातलं काल्पनिक जर्मन गाव. वेस्लींनी खेळाडूंना एकेक भूमिका दिली: कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला, कुणी कुलगुरू. झालं! मंडळी पट सोडून कोपऱ्यात कुजबुजू लागली, कट शिजू लागले, लढाई राहिली बाजूलाच. डाव पार फसला, असं वेस्लींना वाटलं. मित्रांना मात्र तो पुन्हा खेळायचा होता.

त्या मित्रांत डेव्ह आर्नेसन होते. १९७४ मध्ये त्यांनी आणि गॅरी गायगॅक्स यांनी त्याच धर्तीवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ आणला. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या १०००.

मांडणी साधी. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे योद्धा, जादूगार, चोर होतात. दाराशी राक्षस उभा आहे, काय करणार? लढा, पळा, लाच द्या, नाहीतर त्याला गप्पांत गुंतवा. मग ते जमतं का, हे ठरवायला वीस पैलूंचा फासा पडतो. १ येण्याची शक्यता ५ टक्के. तो आला की भल्या पराक्रमी योद्ध्याचाही वार हुकतो आणि टेबलाभोवती हशा पिकतो.

एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस इथे राजाशी तह करून येतो. व्हिडिओ गेममधली वाट बहुतेक आधीच आखलेली असते. इथे ती बोलण्यातून घडते. जिंकण्याची रेषाच नसल्यामुळे एकेक मोहीम वर्षानुवर्षं चालते. पात्र मेलंच, तर खेळाडू नवं पात्र घेऊन पुढच्या बैठकीला हजर!