सफारीचा मौसम

'सफर' आणि 'मौसम' हे दोन्ही शब्द अरबीतून उर्दूत आले, मराठीनेही ते आपले म्हणून घेतले. हेच दोन शब्द गलबतांतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही उतरले. स्वाहिलीत 'सफारी' म्हणजे कोणताही प्रवास. जीपमधून सिंह पाहायला जाणे, हा त्या शब्दाला गोऱ्या शिकाऱ्यांनी दिलेला अर्थ. मोंबासात हजला निघालेल्या माणसालाही 'सफारी न्जेमा' म्हणून निरोप देतात. आणि मौसमचे तिकडे झाले 'म्सिमू'. इंग्रजांचा 'मान्सून'ही त्याच घरातला. वर्गात मान्सूनचा पाठ आला की हे मी मुलांना सांगतेच, कारण ते नुसते भाषेचे नाही, भूगोलाचेही आहे. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहणाऱ्या 'कास्काझी'वर शिडे सोडून अरबस्तान आणि हिंदुस्थानची गलबते तिकडे जात आणि एप्रिलनंतर नैर्ऋत्येच्या 'कुसी'वर परतत. इब्न बतूता 1331 साली मोंबासाला पोहोचला तोही याच वाऱ्यांच्या हिशेबाने. मौसम निवडण्याची मुभा तेव्हा कोणालाच नव्हती.

आम्हाला ती आहे असे वाटले होते. माझी खाला 1974 साली निकाह होऊन मोंबासाला गेली. कोकणातल्या आपल्या बऱ्याच घराण्यांच्या फांद्या त्या किनाऱ्यावर आहेत. खालाची आणि अम्मीची सोळा वर्षांत भेट नव्हती. खालाने सत्तरी ओलांडली, अम्मीचे गुडघे बोलू लागले, तेव्हा आम्ही भिशीत पैसे टाकायला सुरुवात केली. पाच वर्षांनी चौघांच्या तिकिटांपुरते जमले. जाणे एकदाच होणार होते. त्यामुळे महिना कोणता, यावर घरात दोन तट पडले.

माझ्या मुलाला पाहायचे होते ते टीव्हीवर सगळे पाहतात तेच: मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप, पाण्यात टपलेल्या मगरी. ते साधारण जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. सहल कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत हाच 'सर्वोत्तम काळ' म्हणून छापलेला असतो, आणि भावही त्याच हिशेबाने. मसाई माराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जून अखेरपर्यंत दिवसाला 100 डॉलर आहे, 1 जुलैपासून ते 200 होते. ही दुपटीची पद्धत 2024 पासूनची. शिवाय ऑगस्टमध्ये घटक चाचण्या, स्वातंत्र्यदिन, पोषण आहाराच्या नोंदी. त्या महिन्यात शिक्षकाने तीन आठवडे रजा मागणे म्हणजे मुख्याध्यापकांना सर्व्हिस बुक उघडायला लावणे.

आम्हा शिक्षकांची मोठी सुट्टी मेची. नेमक्या त्याच काळात तिकडे 'मसिका' असतो, मार्च ते मेचा लांब पाऊस. दिवाळीच्या सुट्टीत जावे तर 'वुली', म्हणजे आखूड पाऊस. जणू कोणी आमचे शालेय वेळापत्रक पाहूनच तिथला पाऊस लावला होता! खालाने फोनवर बजावले, "मेमध्ये मुळीच येऊ नकोस. गाडी रुतली की दिवस गेला समज." तिकडच्या पठारांवर आपल्या मराठवाड्यासारखी काळी माती आहे, ओली झाली की चाक सोडत नाही. 1 मे 2024 रोजी मसाई मारात तालेक नदीला पूर आला, तेव्हा तंबूंत उतरलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावे लागले होते.

जानेवारी-फेब्रुवारी हा दोन पावसांमधला कोरडा तुकडा. माझे मन खरे तर तिथेच गुंतले होते. त्या दिवसांत विल्डबीस्ट मारात नसतातच, ते टांझानियात सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या माळावर असतात आणि तिथे त्यांच्या माद्या वितात. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सगळी पिल्ले जन्मतात. एकाच वेळी इतकी पिल्ले आली की तरस-सिंहांनी खाऊन खाऊन किती खायची? जन्मलेले पिल्लू काही मिनिटांत उभे राहते आणि आईमागे पळू लागते. माळ तोच का, याचे उत्तर मातीत आहे. ज्वालामुखीच्या राखेची ती जमीन, तिच्यावरच्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दूध पाजणाऱ्या आईला तेच हवे. पण जानेवारीत सुट्टी नाही, आणि अलीकडे रमजानही त्या बाजूला सरकत चालला आहे. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे 2026 चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि 2030 साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा सुरू होणार. विषुववृत्ताजवळ दिवस बाराही महिने बारा तासांच्या आसपास असतो, म्हणून रोजा तिथे कोणत्याही मौसमात फारसा लांबत वा आखडत नाही. पण रोजा ठेवून दिवसभर उघड्या गाडीतून धूळ खात हिंडणे अम्मीला झेपणारे नव्हते.

उरला जूनचा पहिला पंधरवडा. शाळा पंधराच्या पुढे उघडते, मसिका संपलेला असतो, दर चढलेले नसतात. 2025 साली आम्ही त्याच दिवसांत गेलो. घरातून निघालो ते छत्री घेऊन, कारण त्या वर्षी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात दाखल झाला होता. मोंबासात उतरलो तर समुद्रावरून कुसीचा भणाणता वारा. हेच नैर्ऋत्येचे वारे पुढे अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे मृगाचा पाऊस आणतात, हे मी नकाशावर अनेकदा काढले होते. अंगावर घेतले ते पहिल्यांदाच.

बकरी ईद खालाच्या घरी झाली. मग खालालाही गाडीत घालून आम्ही त्सावोला गेलो. मारा लांब आणि महाग. त्सावो मोंबासा–नैरोबी रस्त्यावरच आहे, वोईहून आत शिरता येते. 1898 साली रेल्वेच्या पुलाचे काम चालू असताना दोन सिंहांनी हिंदुस्थानी मजुरांना उचलून नेले, ते हेच त्सावो. त्या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले होते आणि त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मातीत गेले. बहुतेक सिंहांनी नव्हे, तापाने आणि आजारांनी. सिंहांवर सिनेमे निघाले. मजुरांच्या वाट्याला पुस्तकातला एखादा परिच्छेद.

त्सावोचे हत्ती तांबडे असतात. तिथली माती आपल्या जांभ्याच्या रंगाची, ती अंगावर उडवून घेतात. अम्मी पाहत राहिली आणि म्हणाली, "चिऱ्याच्या खाणीतून आल्यागत दिसतात." पण दोन दिवसांत दिसले ते किती? नऊ. मसिका नुकताच सरलेला, गवत कमरेएवढे, जागोजाग पाणी. हत्तींना एका ठिकाणी येण्याचे कारणच नव्हते. सिंह तर गवतात असले तरी नसल्यासारखे. मुलगा हिरमुसला. ड्रायव्हरने त्याची समजूत घातली, "सप्टेंबरमध्ये ये. तेव्हा सगळी डबकी आटलेली असतात. या एका पाणवठ्यावर मी तुला शंभर हत्ती दाखवीन."

खालाने ते अम्मीला आपल्या कोकणीत समजावले. अम्मीने विचारले, "म्हणजे त्यांना प्यायला पाणी उरले नाही की आपल्याला दिसतात?"

ड्रायव्हर हसला, मग गप्प झाला. पुढे त्याने 2022 चा दुष्काळ सांगितला. पाऊस एकामागून एक हुकत गेले होते. केनिया सरकारने त्या वर्षी नोव्हेंबरात आकडे जाहीर केले: फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात 205 हत्ती, 512 विल्डबीस्ट, 381 साधे झेब्रे, 12 जिराफ मेले. त्सावोही त्या भागांत होते. "तेव्हा प्राणी फार छान दिसायचे," तो म्हणाला, "रस्त्याच्या कडेलाच पडलेले असायचे."

त्यानंतर मुलाने हत्ती मोजायचे सोडून दिले. मागच्या सीटवर अम्मी आणि खाला गावातल्या कोणा नातलगाच्या लग्नाची गोष्ट बोलत होत्या, बाहेर जिराफ उभे आहेत याचे दोघींना भान नव्हते. जुहरची वेळ झाली तेव्हा गाडी एका मोकळ्या थांब्यावर उभी केली. मी, नवरा आणि अम्मीने मुसाफिरांची कसर नमाज पढली. खाला मात्र अडून बसली. वोई काही तिच्या लेखी सफर नव्हे, पन्नास वर्षे ती या रस्त्याने जाते-येते. ती पूर्ण चार रकात पढली, आणि आम्ही गाडीत तिची वाट पाहत बसलो.