चिऊ, कृत्तिकेला तू हसू नकोस

प्रिय चिऊ,

नागावच्या उत्सवात यंदा ‘संगीत संशयकल्लोळ’ बसवताहेत आणि त्यात कृत्तिका तू करते आहेस, हे ताईनं फोनवर सांगितलं. रेवती मिळाली नाही म्हणून हिरमुसली आहेस, हेही सांगितलं. गाजलेली बहुतेक पदं रेवती आणि अश्विनशेठच्या वाट्याला आहेत, हे खरं. तुझा गळा गोड आहे, तेही खरं. पण हे नाटक उभं राहतं ते फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका यांच्या जिवावर.

तसबिरीचा प्रवेश पुन्हा वाच. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच कृत्तिकेच्या नजरेला पडतं. मग रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर तिला सापडते. ती निरखत असतानाच नवरा येऊन उभा राहतो. झालं! दोघांनीही आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे दोघंही आपल्या जागी बरोबर. प्रेक्षकांना सगळं माहीत असतं म्हणून ते हसतात. कृत्तिकेला त्यातलं काही माहीत नाही. आपला संसार हातचा चालला, एवढंच तिला दिसतंय.

ताईनं पाठवलेला तालमीचा व्हिडिओ पाहिला. तू डोळे मोठे करतेस, मान वेळावतेस आणि समोरची मुलं हसतात. ती तुझ्या चेहऱ्याला हसतात गं, कृत्तिकेच्या पेचाला नाही. असलं हसू पहिल्या अंकात भरपूर मिळतं आणि दुसऱ्यात आटतं. तू खरंखुरं घाबर, खरंखुरं चीड. बाकीचं देवलांनी लिहून ठेवलंय.

देवल नुसते नाटककार नव्हते, नटांना घडवणारे तालीममास्तर होते. मोलिएरच्या 1660 च्या प्रहसनावरून आर्थर मर्फीनं 1761 मध्ये इंग्रजी नाटक केलं, त्यावरून देवलांनी आधी गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिला आणि मग त्यात पदं घालून ‘संशयकल्लोळ’ केला. गंधर्व नाटक मंडळीनं 1916 च्या ऑक्टोबरात तो रंगभूमीवर आणला, पण तो बघायला देवल राहिले नाहीत. जूनमध्येच ते गेले. त्यातले फाल्गुनराव गणपतराव बोडस. याच बोडसांनी पुढे 1919 मध्ये ‘एकच प्याला’तला सुधाकर उभा केला. संशयानं पछाडलेला नवरा आणि दारूनं बुडालेला नवरा, दोन्ही एकाच नटाचे! मला यात नवल वाटत नाही. फाल्गुनरावाची तगमग ज्याला खरी वाटते, त्यालाच सुधाकरही सापडतो.

आता पदांविषयी. पद सुरू झालं की नाटकातला वेळ थांबतो. अश्विनशेठ आळवू लागला, आलापी रंगली, ‘वन्स मोअर’ आला, की प्रेक्षक विलंबित लयीत जाऊन बसतात. त्यानंतर तुझा प्रवेश असेल तर धावत येऊन बोलू नकोस. टाळी ओसरू दे, पहिलं वाक्य सावकाश आणि स्वच्छ टाक, दुसऱ्यापासून चढत जा. तुझ्या प्रवेशानंतर पद असेल तर शेवटचा शब्द खाली पाडू नकोस, ऑर्गनवाल्याला तिथूनच सूर धरायचा असतो. पद चालू असताना रंगमंचावर असशील तर पदराशीसुद्धा चाळा नको. हशाचंही तसंच: तो पूर्ण विरेपर्यंत थांबलीस तर प्रवेश थंड पडतो आणि भर हशात बोललीस तर वाक्य वाया जातं. तो उतरू लागला की बोल. गाणाऱ्याला सम कळावी लागते तशी तुला ही जागा कळायला हवी. तू गाणं शिकलीस ते इथे कामी येईल.

आपल्याकडे उघड्या मांडवात प्रयोग, त्यात संध्याकाळनंतर समुद्राचा वारा. शब्दाची शेवटची अक्षरं तोच पळवतो. माइकवर भिस्त ठेवू नकोस. 2022 मध्ये आपल्या जवळच्या अलिबागचं पीएनपी नाट्यगृह आगीत जळालं, तेव्हापासून मला या गावोगावच्या मांडवांचं मोल फार वाटतं. तिथे नाटक बघणाऱ्या कितीतरी लहान मुलांचं ते पहिलंच संगीत नाटक असेल.

तसबीर म्हणून तालमीत वही धरतेस, ती आजच बंद कर. ताईच्या माळ्यावर आजोबांच्या फोटोची जुनी लाकडी चौकट आहे, ती घे. वजनदार आहे, पदराआड पटकन लपत नाही. कृत्तिकेची धांदल तिथूनच सुरू होऊ दे.

तुझी,
मावशी