दोन कुलपांचे शहर

आम्स्टरडॅममध्ये सायकल जितकी जुनाट, तितकी मालकाची झोप गाढ. काळा रंग उडालेला, मडगार्ड खडखडणारे, गिअर नाहीत, हँडलला ब्रेकही नाही. थांबायचे तर पॅडल उलटे दाबायचे. या घडणीला डच लोक ‘ओमाफीट्स’, म्हणजे आजीची सायकल म्हणतात. तिच्यावरून भाजी येते, कुत्रे फिरायला जाते, पावसात एका हाताने छत्री धरलेली बाई ऑफिसला जाते आणि कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून मैत्रीण डबलसीट बसते. हौस किंवा व्यायाम म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. ती घरातल्या चपलेसारखी असते, आणि देवळाबाहेरच्या चपलेसारखीच नाहीशी होते.

म्हणून कुलपे दोन. एक मागच्या चाकाला कायमचे जडवलेले कडे. ते लावल्याखेरीज किल्ली बाहेर निघत नाही, ही युक्ती विसरभोळ्यांवर उपकार करणारी. दुसरी जाड पोलादी साखळी, पुढचे चाक आणि सांगाडा दोन्हींतून ओवून पुलाच्या कठड्याला अडकवलेली. नुसते चाक बांधले तर कठड्याशी चाकच उरते. कित्येकदा साखळीच सायकलीहून महाग असते, आणि या शहरात तो वेडेपणा ठरत नाही.

साऱ्याच हरवलेल्या सायकली चोरीला जात नाहीत. वारा, दारू आणि दांडगाई यांच्या कृपेने कित्येक कालव्यात पडतात. लोखंडी पंजा लावलेली बोट दरवर्षी सुमारे 12 ते 15 हजार सायकली पाण्यातून उपसते आणि भंगारात धाडते. चिखलाने माखलेली, शेवाळ धरलेली चाके वर येताना पाहायला काठावर माणसे रेंगाळतात.

1965 मध्ये ‘प्रोव्हो’ या खट्याळ तरुणांच्या चळवळीने चोरीचा प्रश्नच उलटा केला. ल्यूड स्खिमेलपेनिंक यांची कल्पना अशी, की सायकली पांढऱ्या रंगवून बिनकुलपाच्या रस्त्यावर सोडाव्यात. ज्याला हवी त्याने न्यावी, काम झाले की तिथेच ठेवावी. जी सर्वांचीच आहे ती चोरणार कोण? उचलल्या त्या पोलिसांनी! बिनकुलपाची सायकल चोरीला आमंत्रण देते, हे त्यांचे कारण. जगभरच्या भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची ही पणजी.

त्या वर्षांत रस्ते मोटारींनी बळकावले होते. 1971 मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यावर सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत 400हून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, 1973 मध्ये तेलाची टंचाई आली, रविवारी मोटारी बंद राहिल्या. आजचे सायकलमार्ग त्या संतापातून आले आहेत. त्यांचे श्रेय सपाट जमिनीला द्यावे, तर ती आधीही होतीच.

सर्वांत मोठी चोरी मात्र सरकारी शिक्क्याची होती. दुसऱ्या महायुद्धात देश बळकावून बसलेल्या जर्मन सैन्याने 1942 पासून डच लोकांच्या सायकली जप्त केल्या. जर्मनीशी फुटबॉलचा सामना असला की त्या परत मागण्याची थट्टा पुढे कित्येक दशके चालली.

आता चोरांचा डोळा महागड्या ई-बाइकवर आहे. जानेवारी 2023 मध्ये मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोर पाण्याखाली 7 हजार सायकलींचा राखणदार असलेला तळ उघडला. पहिले 24 तास पैसे पडत नाहीत. कुलूप मात्र ज्याचे त्याने लावायचे.