शंभर दिवसांची मजुरी



परदेशात आपली माणसं मोजकी, त्यामुळे त्यांच्यातल्याच कुणी दुखावलं तर फार लागतं. इथे न्यू जर्सीत माझा एक जुना रूममेट आहे. घराच्या डाउन पेमेंटला कमी पडत होते म्हणून त्याला मी माझा जवळजवळ चार महिन्यांचा पगार दिला होता. दोन वर्षांनी एका बारशाला हळूच विषय काढला, तर चार लोकांत हसून म्हणाला, "कसले पैसे रे?" पैशांपेक्षा ते हसणं जिव्हारी लागलं.

आम्ही घरी रोज प्रभूची प्रार्थना म्हणतो. मराठी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, तिच्यात शब्दच 'ऋण' असा आहे. आम्ही इतरांचं सोडलं तसं तू आमचं सोड. तिथे आलं की जीभ अडखळायची.

मग मत्तयाचा 18वा अध्याय काढून बसलो. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? येशू म्हणतो, सत्तर वेळा सात. आणि एका चाकराची गोष्ट सांगतो. राजा त्याचं 10,000 टॅलंटचं कर्ज माफ करतो, आणि हा बाहेर पडून 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. सवयीने आकडेमोड केली. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, एक टॅलंट म्हणजे साधारण 6,000 दिनार. राजाने सोडलेलं कर्ज 6 लाख पट मोठं!

पण मला धीर आला तो लहान आकड्याने. 100 दिवसांची मजुरी म्हणजे तीन-चार महिन्यांची कमाई, चिल्लर नव्हे. 'जाऊ दे, काही झालंच नाही' असं येशू म्हणत नाही. राजासुद्धा आधी हिशेब मांडतो, मग सोडतो.

मीही तसंच केलं. बायकोसमोर रक्कम कागदावर लिहिली, ते वाक्यही लिहिलं, प्रार्थना केली आणि कागद फाडला. त्याला मेल टाकली, पैसे आता मागणार नाही. उत्तर आलं नाही. पुन्हा उसने देईन का? नाही. क्षमा एकट्याने करता येते, विश्वासाला दोघं लागतात.

अजूनही तो इंडियन ग्रोसरीत दिसला की पोटात ढवळतं. मग तिथेच, भाजीच्या रांगेत, पुन्हा सोडून द्यायचं. सत्तर वेळा सात कशाला लागतात ते आता कळतंय. एकाच अपराधाला सुद्धा तेवढे लागू शकतात.