जाणत्याचे पुस्तक

सीमेवरच्या माणसाला दुसरी भाषा बाजारात, एस.टी.त, शेजाऱ्याच्या ओसरीवर आपोआप मिळते. तरीही शाळेसाठी तिचे पुस्तक निवडायची वेळ आली, की मी एकच गोष्ट पाहतो : शिकणाऱ्याला आधीच काय येते, याची पुस्तकाला जाण आहे का? मराठी मुलाला गुजराती शिकवताना तीन लिंगे समजावण्यात पाने घालवू नयेत. ती त्याच्या घरातच आहेत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेदही तो जाणतो. पण गुजराती माणूस ‘हुं करीश’ म्हणाला, की मराठी कानाला ‘तू करशील’ असा भास होतो. अर्थ मात्र ‘मी करीन’. पुस्तकाने थांबावे ते अशा जागी.

ही मास्तरकी भलत्याच ठिकाणी उपयोगी पडली. बडोद्याला अलकापुरीत माझी बहीण राहते. तिचा मुलगा प्रोग्रामर. दहा वर्षे विंडोजवर काम केलेला. कचेरीने त्याला लिनक्सवर टाकले आणि तीन महिन्यांची मुदत दिली. घराचे हप्ते चालू, मुलगी बालवाडीत. दिवाळीच्या सुटीत मी गेलो, तेव्हा टेबलावर पुस्तकांची चळत होती आणि त्याचा चेहरा उतरलेला.

“मामा, रोज वाचतो, पण पुढे सरकत नाही. तुम्ही इतकी वर्षं पुस्तकं लावताय, यातलं कुठलं धरू ते सांगा.”

मला संगणकातले फारसे कळत नाही. म्हणून मी त्यालाच म्हणालो, “तुला विंडोजमध्ये अगदी हातखंडा असलेलं एक काम सांग.”

“एका प्रोग्राममधून दुसरा सुरू करणं. तिथे ‘क्रिएटप्रोसेस’ या एका आज्ञेत होतं. इथे दोन पायऱ्या आहेत. ‘फोर्क’ने चालू प्रोग्रामची प्रत काढायची, मग ‘एक्झेक’ने त्या प्रतीत दुसरा प्रोग्राम भरायचा.”

“दोन का?”

त्याला सांगता येईना. मग हाच प्रश्न आम्ही एकेका पुस्तकाला विचारला. पहिले नवशिक्यांचे, त्यात फाइल कशी उघडावी येथपासून सुरुवात, फोर्कचे नावही नाही. दुसरी आज्ञांची जंत्री; आणि शब्दकोश पाठ करून कोणी बोलायला लागत नाही. तिसरे मायकेल केरिस्क यांचे, ‘द लिनक्स प्रोग्रामिंग इंटरफेस’, २०१० सालचे, दीड हजारांवर पानांचे. त्यात उत्तर सापडले : दोन पायऱ्यांच्या मधल्या अवकाशात प्रोग्रामला हवी ती तयारी करता येते. भाचा एकदम म्हणाला, “म्हणजे एकाचं आउटपुट दुसऱ्याला जोडायचं, ते इथेच होतं तर!”

चौथे पुस्तक लहानसे, कर्निघन आणि पाइक यांचे ‘द युनिक्स प्रोग्रामिंग एन्व्हायर्नमेंट’, १९८४ सालचे. इतके जुने कशाला, असे वाचकांना वाटेल. पण युनिक्सचा आरंभ केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केला, आणि १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स त्याच वळणावर घडवले. शब्द वाढले, व्याकरण बरेचसे तेच राहिले. लहान लहान प्रोग्राम जोडून मोठे काम करायचे, हा त्या घराचा स्वभाव या पुस्तकातून कळतो.

आम्ही ठरवले ते असे : लहान पुस्तक सलग वाचायचे, मोठे हाताशी ठेवून अडेल तिथे उघडायचे, आणि एक दुभाषी वही घालायची. डावीकडे विंडोज, उजवीकडे लिनक्स. तिथे सी, डी अशा वेगवेगळ्या ड्राइव्ह. इथे सारे एकाच मुळापासून फुटलेले. तिथे फाइलच्या नावातले लहान-मोठे इंग्रजी अक्षर सहसा एकच धरतात. इथे ती दोन निराळी नावे. तीन महिन्यांत वही भरली, आणि नोकरी टिकली.

याच बडोद्यात १८९० साली सयाजीरावांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन उभारले. यंत्रविद्या आणि कलाकौशल्ये लोकांच्या भाषेतून शिकवावीत, हा त्यांचा आग्रह. शिकणाऱ्याजवळ जे आहे तिथून सुरुवात करावी, हेच त्यामागचे शहाणपण.

आपली मुले आज या यंत्रावरून त्या यंत्रावर, या भाषेतून त्या भाषेत जात असतात. त्यांना पुस्तक घेऊन देताना मुखपृष्ठावरचे ‘सोपे’, ‘झटपट’ हे शब्द पाहू नयेत. त्यांना चांगले येणारी एक गोष्ट त्यात शोधावी. नव्या घरी ती निराळी का, हे जे पुस्तक सांगते, तेच जाणत्याचे पुस्तक.