‘उरले’ म्हणजे वजाबाकी

माझ्या वर्गात भिंतीवर एक तक्ता होता. एकूण, मिळून : बेरीज. उरले, शिल्लक, परत : वजाबाकी. प्रत्येकी : भागाकार. चौथीतल्या पोरांना शाब्दिक उदाहरणं वाचायचा कंटाळा. मग वाचा कशाला, शब्द हेरा आणि क्रिया करा. खरं तर आळस माझा होता. उदाहरण समजवायला तास जातो, तक्ता चटकन पाठ होतो. पालकांनाही युक्त्याच हव्या असत. पाचवीच्या शिष्यवृत्तीचा पहिला पेपर 90 मिनिटांत 75 प्रश्नांचा असे.

फ्रान्समधल्या ग्रनोबलचा किस्सा मी वाचला होता. बोटीवर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी आकडे जुळवून उत्तर काढलं. मी हसले होते.

मग एकदा उदाहरण घातलं : सखूने 15 पेरू विकले, टोपलीत 9 उरले, सुरुवातीला किती होते? वर्गभर 6. आठवडी बाजारात आईच्या भाजीपाशी बसणारा एक पोरगा मात्र काही न लिहिता म्हणाला, “बाई, सहा कसे?”

“‘उरले’ आहे ना? तक्ता बघ.”

तो माझ्याकडेच बघत राहिला. “पण सहाच होते, तर पंधरा कुणाचे विकले?”

वर्ग हसला, सखूला. मला मात्र कानकोंडं झालं. उत्तर येत नव्हतं असं नाही. उदाहरण मीच घातलं होतं, आणि तरी त्याला तक्ता दाखवताना मी ते वाचलं नव्हतं. शब्द हेरला होता. समोरचा पोरगा विचार करत होता आणि मी त्याला तो थांबवायला सांगत होते.

दोन पायऱ्यांच्या उदाहरणात तर तक्त्याची पुरती फजिती. 40 रुपये डझनाने 3 डझन केळी घेतली, 200ची नोट दिली, किती परत मिळतील? ‘परत’ दिसलं की 200 मधून 40 वजा, पोरं मोकळी. केळ्यांचे किती झाले, हा मधला प्रश्न छापलेलाच नसतो; तो ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा.

आता मी आधी आकडे झाकून उदाहरण वाचते. कुणी काय घेतलं, काय दिलं, विचारलंय काय, एवढंच बोलायचं. वेळ फार जातो, अभ्यासक्रम मागे पडतो, बोलणी खाते. शिष्यवृत्तीच्या तासाला अजून तोंडात येतं, “शब्द बघ रे.”

परवा एकीने केळ्यांच्या उत्तरात 80 लिहून पुढे जोडलं : ‘सुटे असतील तर.’ पूर्ण गुण दिले.