आईचा आवाज आणि लाल दिवा

आईला जाऊन यंदा सहा वर्षं झाली. घरात तिचे फोटो भरपूर आहेत, पण आवाज नव्हता. म्हणून मामाचा बेंगळुरूहून फोन आला, "अगं, माळ्यावर १९८६ च्या दिवाळीची कॅसेट सापडली. तुझी आई गातेय त्यात," तेव्हा मी लगेच तिकीट काढलं. ही कॅसेट माझ्या जन्माच्याही आधीची!

मामा हेब्बाळला राहतो. तो इथे आला तेव्हा आजूबाजूला शेतं होती, रात्री तलावाकडून बेडकांचा आवाज यायचा, असं तो सांगतो. आता खिडकीतून उड्डाणपुलावरच्या गाड्यांची घरघर येते. मी खिडक्या लावायला उठले तर मामा हसला. "राहू दे. आपण माईक लावणार नाही. आवाज वायरीतूनच कॉम्प्युटरमध्ये जाणार."

कॅसेट साधी नव्हती. टॅस्कॅम या जपानी कंपनीने १९७९ मध्ये कॅसेटवर चार ट्रॅक ध्वनिमुद्रित करणारं यंत्र काढलं. तसंच एक यंत्र मामाच्या मित्राने परदेशातून आणून दिलं होतं. बीटल्सनी १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर' चार ट्रॅकच्या मोठ्या यंत्रांवर केलं, तीच सोय आता घरात आली, म्हणून मामा तेव्हा हरखून गेला होता. पहिल्या ट्रॅकवर आई, दुसऱ्यावर आजोबांची पेटी, तिसऱ्यावर मामाचा तबला, चौथ्यावर आजीचे टाळ.

या यंत्रात चारही ट्रॅक एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने चालतात. त्यामुळे साध्या टेपरेकॉर्डरवर लावलं तर आई घोगऱ्या आवाजात रेंगाळत गाते, आणि बाजू बदलली की तबला उलटा वाजतो! नशिबाने मामाचं यंत्र अजून चालू आहे.

चार इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस मी बरोबर नेला होता. आधी दोन आणि मग दोन ट्रॅक घेतले तर चालत नाही. टेपचा वेग दर वेळी किंचित बदलतो आणि पेटी नि तबला एकमेकांना सोडून पळतात. चारही एकदमच घ्यावे लागतात.

आईचा आवाज मुळात नाजूक. तो नीट भरावा म्हणून मी तिच्या ट्रॅकचं बटण बरंच वर नेलं. धृपद छान गेलं. अंतऱ्यात ती वरच्या षड्जावर गेली आणि स्क्रीनवर लाल दिवा लागला. मला काही वाटलं नाही. मामाच्या यंत्राचा काटाही लाल भागात जातच होता की!

नंतर हेडफोन लावून ऐकलं तर नेमक्या त्या सुरावर खरखर. स्क्रीनवर लाटांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट झाले होते.

"टेप थोडं जास्तीचं पोटात घालते," मामा म्हणाला. "कॉम्प्युटरला शून्य डेसिबल म्हणजे छत. त्याच्या वर जे जाईल ते कापलंच जातं. दुधाचं पातेलं कधी काठोकाठ भरतात का? आवाज कमी पडला तर नंतर वाढवता येतो. उतू गेलेला कुठून आणणार?"

पूर्वी सगळे आवाज भरून घ्यायचे, त्याला कारण होतं. टेपची स्वतःची सूं-सूं असते, तिच्या वर राहावं लागायचं. कॉम्प्युटरमध्ये दर बिटला साधारण ६ डेसिबलची जागा मिळते. १६ बिटला ९६, २४ बिटला हिशेबाने १४४. साध्या कॅसेटला त्यातली निम्मीही लागत नाही. म्हणजे २४ बिटवर घेताना वरचे १०-१२ डेसिबल रिकामे सोडले तरी काहीही हरवत नाही.

पण पुन्हा वाजवायला गेलो तर कॅसेटमधली नमद्याची बारीक गादी सुटून पडली. जुना गोंद वाळला होता. टेपला हेडशी दाबून धरणारी तीच. माझ्या पोटात गोळा आला. माझ्या घाईने आईचा आवाज गेला की काय? मामाने काही न बोलता एका नव्या कॅसेटचे पाच स्क्रू काढले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हात थरथरत होते. मी बॅटरी धरून उभी राहिले. अर्ध्या तासाने टेप नव्या खोक्यात बसली.

मग त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हेड पुसलं. टेप पुन्हा पुन्हा फिरवायची नव्हती. सगळ्यात मोठा आवाज कुठे येतो, हे माझ्या बिघडलेल्या फाइलीवरूनच कळलं. तेवढे काही सेकंद वाजवून एकेका ट्रॅकचं बटण लावलं. आईचा वरचा षड्ज उणे १० च्या आसपास ठेवला. तबल्यासाठी आणखी थोडी जागा सोडली, कारण थापेचा कडाका इतका क्षणिक असतो की यंत्राच्या काट्याला तो गाठता येत नाही, कॉम्प्युटरला मात्र बरोबर दिसतो. "आता गाणं संपेपर्यंत बटणांना हात लावायचा नाही," मामाने बजावलं.

या वेळी मी कॉम्प्युटरचं रेकॉर्डिंग आधी सुरू केलं आणि मग टेप. पहिल्या वेळी गडबडीत निसटलेला सुरुवातीचा तुकडा त्यामुळे मिळाला. थोडी सूं-सूं, टाळांची हलकी किणकिण, आणि अगदी हळू आवाजात आई, "दादा, सुरू करू?"

मामाने कानातलं यंत्र नीट केलं आणि पुटपुटला, "कर गं."

अंतऱ्यात आई वर गेली. दिवा हिरवाच राहिला.

आता त्या फाइलींच्या तीन प्रती आहेत. एक मामाकडे, एक माझ्याकडे, एक दिल्लीच्या मावशीकडे. आवाज मी अजून वाढवलेला नाही. घाई कसली? तो आता कुठे जात नाही.